कोलकात्याच्या पूर्वेची तळी

पहाट व्हायला अजून बराच अवकाश असतो. कोलकाता शहर गाढ झोपेत असते. परंतु शहराच्या पूर्वेला, दूरवर पसरलेल्या पाण्याच्या काठाने, बांधाबांधांवरून दिव्यांची एक ओळ हळूहळू सरकताना दिसते. कोळ्यांचा तांडा कामाला निघालेला असतो. ते छातीइतक्या पाण्यात उतरतात, लांबच लांब जाळे पसरतात आणि दोन्ही बाजूंनी ओढीत ओढीत एका कोपऱ्यात आणतात. जाळ्याचा घेर लहान होऊ लागला, की पाणी उकळल्यासारखे खळबळते. रोहू, कटला, मृगळ उसळ्या मारू लागतात. पाट्या भरतात. ओझ्याने वाकलेली माणसे झपझप पावले टाकीत जवळच्या लिलावाच्या जागी पोचतात, आणि सूर्य वर येण्याच्या सुमारास मासे शहराच्या वाटेला लागलेले असतात.

थोड्याच वेळाने शहरातील बाजारात एखादी गृहिणी माशाचा कल्ला उचलून आत लाल रंग आहे की नाही ते पाहते, भावावरून चार शब्द बोलते आणि मासा पिशवीत घालून घरी नेते. हा मासा ज्या पाण्यात वाढला, ते पाणी काही आठवड्यांपूर्वी तिच्याच घराच्या मोरीतून वाहून गेलेले असण्याचा संभव आहे, हे तिला सांगितले, तर ती बहुधा विश्वास ठेवणार नाही. कदाचित तिला किळसही येईल. ऐकणाऱ्या कोणालाही प्रथम ती येतेच. पण या गोष्टीत किळस वाटण्यासारखे फार थोडे आणि नवल वाटण्यासारखे पुष्कळ आहे.

या नवलाचे मूळ जमिनीच्या उतारात आहे. कोलकाता हे हुगळी नदीच्या पूर्व तीरावर वसलेले शहर. नदी गावाच्या पश्चिमेला आहे, तेव्हा गावाचे पाणी नदीकडे वाहत असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते उलट दिशेला वाहते. बंगालमधील नद्या गाळाने भरलेल्या असतात. पूर येतो, पाणी काठावरून पसरते, आणि त्यातील जड गाळ काठाजवळच बसतो. अशा हजारो पुरांनी हुगळीचा काठ उंच करून ठेवला आहे, आणि नदीपासून दूर जावे तशी जमीन खाली खाली उतरत जाते. शहराच्या पूर्वेला तर पूर्वी समुद्राच्या भरतीचे खारे पाणी शिरणारी विस्तीर्ण दलदल होती. तिला 'खारी सरोवरे' म्हणत. बिद्याधरी नावाच्या नदीतून भरतीचे पाणी तेथवर पोचत असे, आणि त्या पाण्याबरोबर समुद्रातील मासेही येत असत. कोळ्यांच्या अनेक पिढ्यांनी या खाऱ्या माशांवर गुजराण केली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्ता (२००१ पर्यंत शहराचे अधिकृत इंग्रजी नाव हेच होते) फार दाटीचे झाले होते. उघडी गटारे, साचलेले पाणी आणि पटकीची साथ यांनी लोक हैराण झाले होते. तेव्हा विल्यम क्लार्क नावाच्या अभियंत्याने भुयारी गटारांची योजना आखली. जमिनीचा उतार जिकडे, तिकडेच पाणी न्यावे, हा त्याचा साधा विचार होता. घरांतील सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच जाळ्यातून पूर्वेकडे जाऊ लागले, पंपांनी उचलले जाऊ लागले आणि उघड्या कालव्यांतून बिद्याधरीच्या स्वाधीन होऊ लागले. नदीने ते समुद्राला पोचवावे, अशी अपेक्षा होती.

नदीला ते झेपले नाही. भरतीच्या नदीला पसरायला मोकळी जागा लागते. भरतीबरोबर आलेला गाळ आजूबाजूच्या दलदलीत विसावतो, आणि ओहोटीचे जोरदार पाणी नदीचे पात्र धुऊन काढते. बिद्याधरीच्या काठची जमीन बांध घालून शेतीखाली आणि तळ्यांखाली आणली गेली, वरून येणारे गोडे पाणीही अडले. मग गाळ पात्रातच बसू लागला. पात्र वर्षावर्षाला उथळ होत गेले, आणि अखेर १९२८ साली सरकारी अधिकाऱ्यांनी ही नदी मृत ठरविली. नदी मेली, असे म्हणणे कानाला चमत्कारिक वाटते. पण ज्यांचे पोट तिच्यावर होते, त्यांना दुसरा शब्द सुचला नसता. भरतीचे खारे पाणी यायचे थांबले, आणि त्याबरोबर खारे मासेही संपले.

उरले काय? मैलोगणती उथळ तळी, आणि दररोज शहराकडून येणारे काळे पाणी.

अशा वेळी काहींनी आपली जागा सोडली, काहींनी मात्र प्रयोग करून पाहिला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत या भागातील मत्स्यपालकांनी कालव्यातील सांडपाणी थोडे थोडे तळ्यात घेऊन, ते काही दिवस तसेच राहू दिले, आणि मग त्यात गोड्या पाण्यातील मासे सोडले. मासे मेले नाहीत. उलट, ते असे वाढले, की स्वच्छ पाण्याच्या तळ्यांना हेवा वाटावा. एकाचे पाहून दुसऱ्याने तसे केले. पुढे महापालिकेतील अभियंते डॉ. बी. एन. डे यांच्या योजनेनुसार, मेलेल्या बिद्याधरीऐवजी कुलटी नदीपर्यंत सुमारे ३० किलोमीटर लांबीचे नवे कालवे खोदण्यात आले. बानताला येथे दरवाजे बसवून कालव्यातील पाण्याची पातळी उंच ठेवता येऊ लागली. त्यामुळे पंप न लावता, केवळ उताराने, सांडपाणी दूरदूरच्या तळ्यांत जाऊ लागले.

बांध घालून अडविलेल्या अशा तळ्याला बंगालीत 'भेडी' म्हणतात. या भागात अशा सुमारे अडीचशे भेड्या आहेत. काही चार-दोन शेतांएवढ्या, तर काही इतक्या विस्तीर्ण, की पलीकडच्या बांधावरचा माणूस मुंगीसारखा दिसावा. परंतु लहान असो वा मोठी, भेडी खोल कधीच नसते. तिचे पाणी कोठे गुडघ्यापर्यंत, कोठे कमरेपर्यंत, फार तर छातीपर्यंत. या उथळपणातच तिचे सारे रहस्य साठवलेले आहे.

भेडीचे वर्ष हिवाळ्यात सुरू होते. प्रथम तिचे पाणी काढून टाकतात. तळाचा गाळ उकरून बांधांवर चढवितात. बांध मजबूत होतात आणि तळही मोकळा होतो. मग उघडा पडलेला तळ नांगरून उन्हात चांगला तापू देतात आणि त्यावर चुना टाकतात. शेतकरी पेरणीपूर्वी जमिनीची मशागत करतो, तशीच ही पाण्याची मशागत होय. मशागत झाली, की कालव्याच्या मोरीची फळी उचलतात, आणि शहराचे काळे पाणी खळखळत आत येते.

यानंतर कोळी काही करीत नाही असे पाहणाऱ्याला वाटते. पाणी दोन-तीन आठवडे तसेच ठेवलेले असते. पण तो रोज बांधावरून फेरी मारतो. पाण्याचा रंग पाहतो, ओंजळीत घेऊन वास घेतो, मधून मधून वेळूने वा जाळ्याने पाणी ढवळून काढतो. पहिल्या दिवशी काळेभोर आणि दुर्गंधी असलेले पाणी हळूहळू तपकिरी होते, मग त्यावर हिरवट झाक येते. एके दिवशी सकाळी ते पोपटी-हिरवे दिसू लागते आणि त्याचा वास गेलेला असतो. तरीही तो घाई करीत नाही. आधी थोडेसे मासे परीक्षेसाठी सोडतो. ते तगले, हसतखेळत फिरू लागले, तरच बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, हजारोंनी पाण्यात सोडली जातात. त्यानंतर वर्षभर सांडपाणी थोडे थोडे आणि मापाने आत घेतले जाते. त्या मापाचे भांडे कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते कोळ्याच्या डोळ्यांत आणि नाकात असते.

काळे पाणी हिरवे कसे झाले, हे समजण्यासाठी त्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयास हवा.

सांडपाणी म्हणजे बव्हंशी पाणीच. शंभर भागांत नव्व्याण्णवांहून अधिक भाग पाणी असते. घाण म्हणतो ती उरलेल्या अंशात. त्या अंशात अन्नाचे कण, साबण, मलमूत्र असे पदार्थ असतात. पाण्यातील असंख्य जीवाणू या पदार्थांवर तुटून पडतात आणि त्यांचे विघटन करतात. ते करताना त्यांना श्वास घ्यावा लागतो, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते वापरतात. घाण फार असेल, तर सगळा प्राणवायू संपून जातो. मग प्राणवायूवाचून जगणारे निराळे जीवाणू माजतात आणि पाण्याला सडका वास सुटतो. गटार नासते ते याच कारणाने.

उथळ तळ्यात मात्र आणखी एक पाहुणा असतो. तो म्हणजे सूर्यप्रकाश. तो तळापर्यंत पोचतो आणि त्याच्या बळावर पाण्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म शैवले वाढू लागतात. पाण्याला हिरवा रंग येतो तो यांचाच. जीवाणूंनी घाणीचे विघटन करून मोकळे केलेले नत्र, स्फुरद व कर्बवायू हे शैवलांचे अन्न. आणि ते अन्न वापरून शैवले उन्हात जो प्राणवायू सोडतात, तो जीवाणूंचा श्वास. जुन्या गावगाड्यात सुतार नांगर करून देई, शेतकरी त्याला सुगीच्या वेळी धान्य देई. दोघांचेही चाले आणि पैसा हातात घ्यावा लागत नसे. तळ्यातील जीवाणू आणि शैवले यांच्यात अशीच बलुतेदारी चालू असते.

रोगजंतूंचे काय होते, हा प्रश्न येथे कोणीही विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. माणसाच्या पोटातील जंतूंना उबदार, अंधारी आणि अन्नाने भरलेली जागा मानवते. भेडीत त्यांच्या वाट्याला कडक ऊन येते. शैवले पाण्यातील कर्बवायू शोषून घेतात, त्यामुळे दुपारी पाण्याची आम्लता कमी होऊन ते अल्कधर्मी बनते. तेही या जंतूंना सोसत नाही. शिवाय पाण्यातील इतर सूक्ष्म प्राणी त्यांना खाऊन टाकतात. दिवसामागून दिवस जातात, आणि शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे, की आतड्यातील जंतूंपैकी शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक या मुक्कामात नाहीसे होतात. पाण्यातील घाण कुजविण्यासाठी जितका प्राणवायू लागतो, त्यावरून पाण्याची मलिनता ठरविण्याची रीत आहे. त्या मापाने भेडीतील पाण्याची मलिनता शेकडा ऐंशीहून अधिक कमी होते. मात्र येथील मासे नीट शिजवूनच खायला हवेत, हेही खरे.

या देवघेवीत एक धोका आहे, आणि कोळ्यांना तो शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. रात्री सूर्य नसतो. तेव्हा शैवले प्राणवायू सोडीत नाहीत. उलट सर्वांबरोबर तीही तो वापरतात. म्हणून पहाटेच्या सुमारास तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. आदल्या दिवशी सांडपाणी जास्त झाले, किंवा आकाश दिवसभर ढगाळ राहिले, तर पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागतात. हे दिसताच कोळी मोरी बंद करतो आणि पाणी खळबळवू लागतो, म्हणजे हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळावा. बंगालमध्ये माशांची पिल्ले हंडीतून वाहून नेणारे मजूर वाटभर हंडी हलवीत किंवा तळहाताने पाण्यावर थापा मारीत जातात. त्याचेही कारण हेच. त्यांतील कित्येकांनी प्राणवायू हा शब्दही ऐकलेला नसेल.

शैवले फार वाढली, तर तीही मरतात, कुजतात आणि पाणी पुन्हा नासते. ती खाऊन आटोक्यात ठेवणारा कोणीतरी पाहिजे. ते काम माशांचे. येथे माशांच्या निवडीत मोठे शहाणपण आहे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी पडलेला चोथा वेचून खातो. चंदेरा मासा तर सूक्ष्म शैवलेच गाळून खातो. एकाच तळ्यात तिघा-चौघांचे बिऱ्हाड असते. पण कोणी कोणाच्या ताटात हात घालीत नाही. अशा रीतीने शहराची घाण शैवलांत जाते, शैवले माशांत जातात आणि मासे शहराच्या ताटात परत येतात.

जलपर्णीचीही येथे एक मौज आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती आपल्याकडील नद्या-तलावांना लागलेली पीडा आहे. महाराष्ट्रातही ती कित्येक पात्रे झाकून टाकते. भेडीचा कोळी मात्र तिला वेळूच्या काठ्यांनी बांधाच्या कडेला कोंडून ठेवतो आणि कामाला लावतो. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा तिच्यावर आपटून विरतात, त्यामुळे मातीचा बांध ढासळत नाही. वैशाखात तिच्या सावलीला मासे विसावतात. तिच्या लोंबणाऱ्या मुळांत तेलकट पदार्थ आणि काही धातू अडकतात. रात्री चोरून जाळे टाकणाऱ्यालाही तिचा अडथळा होतो, आणि तो उपयोग कोळ्यांच्या लेखी काही कमी नाही!

तळ्यांतून बाहेर पडणारे पाणी पुढे भाताच्या खाचरांत जाते. शेजारी धापा या ठिकाणी शहराचा केरकचरा एकोणिसाव्या शतकापासून टाकला जात आला आहे. तेथील कुजलेल्या कचऱ्याच्या खतावर फुलकोबी, पालक, मुळा असा भाजीपाला पिकत आला. मासळी, भात आणि भाजी, असे जेवणाचे सगळे ताट शहराने टाकून दिलेल्या वस्तूंतून उभे राहिले. हा सर्व प्रदेश मिळून सुमारे १२,५०० हेक्टरांचा आहे, आणि दररोज ७५ कोटी लिटरांहून अधिक सांडपाणी त्याच्या दिशेने येते. मासळीचे उत्पन्न वर्षाला दहा हजार टनांच्या पुढे जाते.

सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रे जगात नाहीत, असे नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९१४ साली दोघा रसायनशास्त्रज्ञांनी सांडपाण्यात हवा सोडून जीवाणूंकडून काम करून घेण्याची कृती शोधून काढली. आजही मोठमोठ्या शहरांत तीच पद्धत चालते. तिला जागा थोडी पुरते. पण हवा सोडणारे पंप अहोरात्र चालावे लागतात आणि विजेचा खर्च मोठा येतो. तळ्यांना याउलट जागा फार लागते, मात्र वीज लागत नाही, कारण ऊन फुकट आहे. आपल्या उष्ण देशात अशी तळी किती खोल असावीत, त्यांत पाणी किती दिवस ठेवावे, याचा काळजीपूर्वक अभ्यास झाला तो नागपुरात. तेथे १९५८ साली स्थापन झालेल्या, आणि १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधन संस्थेने १९७० साली या विषयावर एक ग्रंथच सिद्ध केला. कोलकात्याचे कोळी मात्र तोपर्यंत आपला धडा चाळीस वर्षे गिरवून बसले होते.

तरीही शहराला त्यांची खबर नव्हती. १९८० नंतर पश्चिम बंगाल सरकारने आपल्याच सेवेतील एक अभियंता ध्रुवज्योती घोष यांच्यावर एक काम सोपविले. शहराच्या सांडपाण्याचे काय होते, आणि त्याचे काय करता येईल, हे त्यांनी शोधावयाचे होते. घोष कालव्याच्या काठाने चालत निघाले. शुद्धीकरणाचा मोठा कारखाना कोठे उभारावा, असा प्रश्न घेऊन निघालेल्या या अभियंत्याला वाटेत तळी लागली, कोळी भेटले, आणि त्यांच्या ध्यानात आले, की तो कारखाना कधीच उभा राहिलेला आहे. त्याला भिंती नाहीत, धुराडे नाही, त्याच्यावर पाटी नाही. म्हणून कोणी त्याला कारखाना म्हणत नाही इतकेच. ज्यांनी तो चालविला, त्यांच्यापैकी कित्येकांना लिहिता-वाचताही येत नव्हते. घोष त्यांच्या बांधावर वर्षानुवर्षे जाऊन बसले. त्यांनी या प्रदेशाचा नकाशा तयार केला, 'पूर्व कोलकाता पाणथळ प्रदेश' हे नाव जगासमोर आणले, आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्याच्यासाठी झगडले. २०१८ साली ते निवर्तले.

झगडावे लागले, कारण वाढत्या शहराला जमीन हवी असते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित कोलकात्यात आले होते, आणि त्यांना राहायला घरे नव्हती. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६२ साली खाऱ्या सरोवरांचा उत्तरेकडील भाग भरून काढण्याचे काम सुरू झाले. हुगळीच्या पात्रातील गाळ पाण्याबरोबर नळांवाटे आणून तेथे ओतला गेला, आणि त्यावर बिधाननगर ही देखणी वसाहत उठली. तिची गरज नव्हती, असे कोण म्हणेल? परंतु जेथे ती उठली, तेथील कोळ्यांची तळी गेली. आणि एकदा वाट सापडल्यावर आणखी इमारती त्याच वाटेने पूर्वेकडे पाहू लागल्या. बिल्डरच्या कागदावर हे पाणी 'पडीक जमीन' म्हणून दिसे.

शेवटी काही नागरिक न्यायालयात गेले. १९९२ च्या सप्टेंबर महिन्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने निकाल दिला, की ही पाणथळ जमीन दुसऱ्या कामासाठी वापरता येणार नाही. कोठपर्यंत पाणथळ आणि कोठून पुढे नाही, हे ठरविताना घोष यांचा नकाशा उपयोगी पडला. २००२ साली रामसर कराराखालील जागतिक महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या यादीत या प्रदेशाचे नाव दाखल झाले, आणि २००६ साली त्याच्या रक्षणासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला.

कायदा झाला, तरी सगळे प्रश्न मिटले असे नाही. रातोरात मातीचे ढिगारे पडतात आणि एखादे डबके सकाळी दिसेनासे होते. कालव्यांत गाळ साचतो, प्लॅस्टिक अडकते. मग टोकाच्या भेड्यांपर्यंत सांडपाणी पुरेसे पोचत नाही. ज्या पाण्याला जग नाक मुरडते, ते आपल्याला मिळत नाही, अशी तक्रार करणारी माणसे जगात फार थोड्या ठिकाणी भेटतील! दुसरी अडचण त्याहून अवघड आहे. पूर्व कोलकात्यात कातडी कमावण्याचे उद्योग जुने आहेत, आणि त्यांच्या पाण्यात क्रोमियमसारखे धातू असतात. अन्नाचा कण जीवाणू मोडू शकतो. धातू मोडणे त्याच्या हाती नाही. घरातील सांडपाणी आणि कारखान्यातील सांडपाणी वेगळे ठेवले नाही, तर भेडीची सारी किमया त्या धातूपुढे थिटी पडते. आणि कोळ्यांची मुले? पाण्याचा रंग ओळखण्याची विद्या पुस्तकात नसते. ती बापाच्या मागे बांधावरून चालताना शिकावी लागते. यांतली कित्येक मुले आता शहरात नोकरी शोधतात.

संध्याकाळ होते. पश्चिमेला बिधाननगरच्या आणि त्यामागच्या शहराच्या उंच इमारतींत दिवे लागतात. तेथे लाखो घरांत नळ सुटतात, भांडी घासली जातात, स्नाने होतात, आणि ते सारे पाणी जमिनीखालच्या अंधारातून पूर्वेकडे निघते. भेडीवर पाणकावळे झाडावर परतलेले असतात. दिवसभर उन्हात तापलेल्या पाण्याकडे एकवार पाहून एक म्हातारा कोळी मोरीजवळ वाकतो. आकाशात ढग जमू लागले आहेत. उद्या ऊन पडेल की नाही, याची त्याला शंका आहे. तो फळी दोन बोटे खाली उतरवितो, कान देऊन पाण्याचा आवाज ऐकतो, मग आणखी एक बोट उतरवितो आणि घराकडे वळतो.